हर्नियाचा पट्टा

दुपारी अडीच ते तीन हा अर्धा तास माझा. त्या वेळी गिऱ्हाईक येत नाही आणि नवरा दुकानात असतो. शिवणाच्या खोलीची कडी आतून लावायची, सतरंजीवर उताणं झोपायचं, परकराची नाडी सैल करायची आणि कानात औषध घालायच्या ड्रॉपरने पोटावरच्या खळग्यांत पाणी सोडायचं. पाणी काठाला आलं की थांबायचं. उजव्या जांघेच्या वरच्या खळग्यात अकरा थेंब मावायचे, डावीकडच्यात नऊ, बेंबीजवळच्यात तीन. चौथं भोक सपाट भरून आलं होतं, त्यावर थेंब थांबतच नसे. हे आकडे मी मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची. पुढे फक्त 'उ', 'डा', 'बें' अशी अक्षरं. कोणी पाहिलं तर गिऱ्हाइकाचं काहीतरी असेल म्हणून सोडून देईल.

पंचवीस वर्षं झाली, मी चिखलीत घरीच ब्लाउज शिवते. दुसऱ्यांच्या कमरा मोजण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे स्वतःची कमर मला डोळ्यांआड करता आली नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर ओटीपोटाचा जो घोळ सुटला, तो सुटलाच. चौदा महिने मी रोज पाच किलोमीटर चालले. वजन चार किलोंनी उतरलं. पोट एक इंचाने. सेहेचाळिसाव्या वर्षी टेप साडेएकेचाळीसवर होती. शेवटी संभाजीनगरला एका डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी स्वच्छ सांगितलं, हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही, हट्टी चरबी नळीने ओढून काढतात, बस. मला स्वच्छ बोलणारी माणसं पटतात. मी तारीख घेतली.

नवऱ्याने मना केलं नाही. त्याचा प्रश्न एकच होता.

"लोकायले काय सांगशील?"

"खरं ते."

"येड लागलं का? धडधाकट बाई चरबी काढाले गेली म्हणतील. दुकानात बसू देणार नाहीत मले. हर्निया सांगू. हर्नियाले कोणी हसत नाही."

हे त्याचं बोलणं होतं, पण मान मी हलवली. तेव्हा अर्धं खोटं माझं.

मार्चच्या शेवटी ऑपरेशन झालं. दोन लिटर आठशे मिलिलिटर निघालं. चार भोकं, प्रत्येक साधारण पाच मिलिमीटरचं. घरी पाठवताना डॉक्टर बाईंनी छातीखालपासून मांडीपर्यंतचा घट्ट ताणाचा कपडा दिला आणि बजावलं, सहा आठवडे, दिवसाचे तेवीस तास, आंघोळीपुरता काढायचा. सगळीकडे सारखा दाब राहिला पाहिजे.

आमच्याकडे कोणाचं ऑपरेशन झालं की त्याला भेटायला जावंच लागतं. न जाणं म्हणजे वैर. बिस्किटांचा पुडा, केळी, नारळ घेऊन माणसं येतात, पेशंटच्या उशाशी बसतात आणि टाके किती, हे विचारल्याशिवाय उठत नाहीत. बायका असतील तर टाके बघितल्याशिवाय उठत नाहीत. माझ्या घरी पहिल्याच दिवशी नणंद आल्या. अमडापूरला असतात त्या, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, शेतात राबून टणक झालेल्या. जीपमधून उतरल्या त्या डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊनच. म्हणाल्या, अकरा दिवस राहते, तू हात लावू नको कशाले.

मला न्हाणीत नेताना त्यांनी तो कपडा पाहिला.

"अवं माय, हे काय? हर्नियाले मांडीलोक बांधते का कोनी? आमच्या शेजारच्या बुवाचं झालं, त्याले तं एवढासा पट्टा होता."

"नवी पद्धत आहे ताई."

"कपड्यात कोंबलं लेकराले," असं म्हणत त्या बाहेर गेल्या आणि भावाला विचारायला लागल्या. त्याची घाबरगुंडी उडाली. तासाभरात तो मेडिकलमधून हर्नियाचा पट्टा घेऊन आला. रुंद इलॅस्टिक, आणि खाली दोन्ही जांघांवर दाबून बसतील अशा दोन कडक, फुगीर गाद्या.

"माणसं येतील तवा हा घाल," तो हळू आवाजात म्हणाला. "ते दुसरं झाकून ठेव."

मी तो ताणाचा कपडा अस्तरांच्या गाठोड्यात लपवला. नणंद झोपल्या की घालायचा, त्या उठायच्या आत काढायचा. दिवसभर हर्नियाचा पट्टा. त्याच्या गाद्या बरोबर माझ्या दोन भोकांवर बसायच्या. दुखायचं, पण मला वाटलं, ऑपरेशन म्हटलं की दुखणारच. भेटायला येणारे अठरा दिवस येत राहिले. माझ्या माहेरहून, सुलतानपूरहून, एकाच दिवशी नऊ जण आले होते. प्रत्येकीने पट्टा पाहिला, भोकं पाहिली आणि म्हटलं, एवढ्यात भागलं? नणंदेने तर सगळ्यांना स्वतःच वर्णन करून सांगितलं. तूप घातलेले लाडूही मी रोज दोन खाल्ले, कारण ज्या बाईच्या पोटाची चरबी काढलेली नाही, ती लाडू नको का म्हणेल?

सूज उतरल्यावर पोट सपाट झालं. कमर साडेछत्तीस भरली. पण त्या दोन जागी कातडी आत ओढली गेली. जून महिन्यात तिथे बोटाचं टोक बसत होतं. कपड्याला टीप मारताना खालचा दोरा जास्त ताणला गेला की वर खळगा पडतो. इस्त्री फिरवून तो जात नाही, टीप उसवावी लागते. मला ते बघताक्षणी कळलं. तरी मी डॉक्टर बाईंनी सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं चोळत राहिले, सिलिकॉनचं मलम लावत राहिले. सहा महिने तरी थांबायचं, डाग मऊ पडू द्यायचा, मग बघू, असं त्या म्हणाल्या होत्या. साडी नेसल्यावर कोणालाही काही दिसत नव्हतं. मला मात्र तिथे बोट नेल्याशिवाय चैन पडत नसे.

भाऊबिजेला नणंद आल्या. ओवाळून झालं, जेवणं झाली. शिवणाच्या खोलीत येऊन त्यांनी दार लोटलं आणि लुगड्याचा सोगा बाजूला केला. बेंबीच्या खाली लिंबाएवढा फुगवटा होता.

"मलेबी तेच निघालं वं, तुह्यावालं. हर्निया." त्या जवळजवळ खूश दिसत होत्या. "इथल्या डॉक्टरले दाखवलं. तो म्हणते कापा लागते. म्या म्हटलं, हट. माह्या भावजयीचं चार भोकात झालं. मी तिच्याच डॉक्टरकडे जाईन."

माझ्या हातात कात्री होती. ती मी खाली ठेवली.

"ताई, ते डॉक्टर... त्यांच्याकडे फार गर्दी असते."

"असू दे. मले कोनती घाई आहे? सोयाबीन झालं, आता हरभरा पाहू, मंग जाऊ. तू संग असली म्हणजे झालं."

तिथून मोजायला सुरुवात झाली. पहिलं खोटं, गर्दी. दुसरं, डॉक्टर परदेशी गेल्या. तिसरं, त्यांनी आता हर्निया करणं बंद केलं. हे तिसरं मला वाटलं पुरेल. पण नणंद फोनवर म्हणाल्या, "तू गेली तं ना नाही म्हननार. ओळखीचा पेशंट आहे तू." नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा तुमच्या बहिणीला, चिखलीत नाही तर बुलढाण्याला करून घे म्हणावं. त्याने सांगितलंही. तिने उलट विचारलं, बायकोले संभाजीनगर आन् बहिणीले बुलढाणा काऊन? यावर जे उत्तर होतं ते तो देणार नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एकटीच संभाजीनगरला गेले. नणंद ऐकेनात म्हणून त्यांना सोमवारी जाऊ असं सांगितलं होतं, मी शनिवारीच पहाटेची एसटी धरली. चोरासारखी खिडकीशी पदर ओढून बसले. त्या बसमध्ये अमडापूरचं कोणी असण्याचं काही कारण नव्हतं.

डॉक्टर बाईंनी खळगे दाबून, चिमटीत धरून पाहिले. म्हणाल्या, "कातडी खालच्या थराला चिकटली आहे. भोकाजवळची चरबी जास्त ओढली गेली तर असं होतं. एकाच जागी सतत दाब पडला तरी होतं."

"माझं यातलं कोणतं?"

"खात्रीने नाही सांगता येणार. आपला कपडा तुम्ही नीट घातला होता ना?"

तेव्हा मी पट्ट्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, अठरा दिवस, दिवसाचे अकरा तास. एकशे अठ्ठ्याण्णव तास. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. "इतका हिशेब ठेवता, मग एक फोन करायचा होता," एवढंच म्हणाल्या.

जागा बधिर केली. बारीक छिद्रातून सुई आडवी आत घातली आणि कातडीखाली पंख्यासारखी फिरवली. दुखत नव्हतं, पण ऐकू येत होतं. जाड कापड बोथट कात्रीने कापताना होतो तसा कर्र कर्र आवाज, आणि तो माझ्या आतून येत होता. मी छताचे चौकोन मोजले, अठ्ठेचाळीस भरले. उठून पाहिलं तर दोन्ही खळगे वर आले होते, भोवती जांभळं झालं होतं. त्यांनी आधीच सांगून ठेवलं, आतला ताण सुटतो, पण रिकामी जागा उरली तर कातडी पुन्हा चिकटू शकते. गरज पडली तर पुढच्या वेळी तिथे भरावं लागेल, तुमच्याच मांडीची थोडी चरबी घेऊन. त्यातलीही सगळी टिकत नाही, थोडी जिरून जाते.

जी वस्तू मी एवढा खटाटोप करून काढून घेतली, तीच पाच-सात मिलिलिटर परत भरायची. तारीख फेब्रुवारीच्या मध्यावर ठरली. घरी येऊन नणंदेला फोनवर सांगितलं, सोमवारचं राहू द्या, डॉक्टर पुन्हा परदेशी गेल्या.

दोन आठवड्यांनी पाणी घालून पाहिलं. उजवीकडे चार थेंब, डावीकडे तीन. महिन्याने सात आणि चार.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला नणंद आल्या त्या साडी वेगळीच नेसून. नाडी बेंबीच्या वर बांधलेली. मला म्हणाल्या, दोन परकर शिव, नेफा सैल ठेव. मी माप घ्यायला टेप फिरवली तर फुगवटा बोटांना लागला. लिंबाचं संत्रं झालं होतं.

"दुखतं का ताई?"

"खोकलं का दुखते. दाबलं का आत जाते. कवा कवा जात नाही, मंग अर्धा घंटा पडून राह्यते मी. तुह्या डॉक्टर परत आल्या का वं?"

मी म्हटलं, येतील आता. हे खोटं चौथं की पाचवं, हे मी मोजलं नाही. त्या गेल्यावर मोबाइलवर वाचत बसले. बाहेर आलेलं आत जाईनासं झालं आणि आतडं तिथे आवळलं गेलं तर काही तासांत जिवावर बेततं, असं तिथे लिहिलं होतं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ती टणक आहे. मी म्हटलं, आतडं टणक असतं का? तो उठून बाहेर गेला.

फेब्रुवारीतल्या माझ्या तारखेच्या आदल्या दिवशी, दुपारी, नणंद दारात उभ्या. हातात कपड्यांची पिशवी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घड्या घातलेले रिपोर्ट.

"उद्या चालली ना तू संभाजीनगरले? भाऊ फोनवर बोलून गेला. आता मी काही तुह्यं ऐकत नाही. मी संग येऊन राह्यली."

नवरा जेवायला घरी आला होता. त्याने ताटावरून माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको, असा अर्थ. मग मोठ्याने म्हणाला, "अक्का, ते डॉक्टर उद्या सुट्टीवर हाय म्हणे."

"मंग ही काऊन चालली? खिडकीतून पाहाले?"

मी त्यांना शिवणाच्या खोलीत नेलं. पाणी दिलं. पाणी पिताना त्यांना ठसका लागला आणि त्या वाकल्या. एक हात पोटावर, एक माझ्या मशीनवर. चेहरा राखेसारखा झाला. मी त्यांना सतरंजीवर झोपवलं, जिथे मी रोज झोपायची त्याच जागी. त्या तळहाताने दाबत होत्या, ते आत जात नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. पंधरा. वीस. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि तरी त्या माझीच समजूत घालत होत्या.

"जाते आता. जाते. घाबरू नको. उद्या चार भोकात काम होते का नाही?"

दोन वाजून सव्वीस मिनिटांनी ते आत गेलं. त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. भाऊबिजेपासून एकशे तेरा दिवस झाले होते.

मी कडी लावली. त्यांच्यासमोर उभी राहून साडी बाजूला केली, नाडी सैल केली.

"ताई, हे बघा. माझं हर्निया नव्हतंच. मी पोटाची चरबी काढून घेतली. ती डॉक्टर हर्नियाची नाहीच. कधीच नव्हती."

त्या उठून बसल्या. त्यांनी खळग्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, मग पुन्हा खळग्याकडे.

"चरबी?"

"हो."

"पैशे देऊन?"

"हो."

"आन् मी अकरा दिवस तुह्ये भांडे घासले."

मी परकराची नाडी हातात धरून उभी होते.

"तूप घालून लाडू खाऊ घातले म्या तुले!" त्यांचा आवाज चढला. "चरबी काढलेल्या बाईले! आन् तू खाल्ले! तोंड वर करून सांगता नाही आलं तुले? मी का लोक आहे?"

मी नाडी बांधून त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी पदराने कपाळ पुसलं. मग रिपोर्टची पिशवी माझ्या मांडीवर टाकली.

"वाच. मंग कोनता डॉक्टर लागते मले?"

माझी तारीख मी फोन करून रद्द केली. नवऱ्याला सांगितलं, गाडी बोलवा, आत्ताच बुलढाण्याला जायचं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं. पुढचे तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, बहिणीशीही नजर वर करून नाही.

तिथल्या सर्जननी तपासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन, कापूनच करू म्हणाले. केस पेपर लिहिताना विचारलं, "एवढे दिवस का थांबलात? चिखलीच्या डॉक्टरांनी तर दिवाळीतच सांगितलं होतं."

नणंद म्हणाल्या, "हरभऱ्याची सोंगणी होती."

त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या. मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. मी रिपोर्टची पिशवी घट्ट धरून उभी राहिले, आणि डॉक्टरांनी सोंगणी लिहून घेतली की नाही, हे मला दिसलं नाही.

ऑपरेशनला एक तास दहा मिनिटं लागली. बाहेर येऊन सर्जन म्हणाले, आतडं नव्हतं, पोटातली चरबीच बाहेर येऊन अडकत होती. आत ढकलून जाळी बसवली. अजून उशीर झाला असता तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शुद्धीवर आल्यावर मी त्यांना तसंच सांगितलं. त्या कोरड्या ओठांनी म्हणाल्या, "माह्यीबी चरबीच निघाली म्हन की." मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिसऱ्या दिवशी अमडापूरहून भेटायला बायका आल्या. सहा जणी, केळी, बिस्किटं, एक नारळ. खाटेभोवती बसल्या. नणंदेची चुलत जाऊ पांघरूण वर करून पट्टी निरखत म्हणाली, "माय वं, केवढा काप हा! आन् भावजयीचं कसं चार भोकात झालं? तिचाच डॉक्टर नाही पाह्यला का?"

नणंदेने डोळे मिटले. झोप लागली नव्हती, पापण्या हलत होत्या. उत्तराची जागा त्यांनी माझ्यासाठी रिकामी ठेवली, असं मला वाटलं. त्यात पडायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं.

"माझं हर्निया नव्हतं," मी म्हटलं. "पोटाची चरबी काढून घेतली होती मी. खोटं सांगितलं होतं सगळ्यांना. ताई त्याच्यामुळेच थांबल्या."

एकीने केळ्याचा घड या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. आता उठतील आणि जातील, आणि रविवारपर्यंत हे चिखली ओलांडून सुलतानपूरला पोहोचेल, असं मी मनात धरलं.

चुलत जाऊ पुढे सरकली.

"किती निघाली?"

"दोन लिटर आठशे."

"लिटर?" तिने हाताने खाटेखालची पाण्याची बाटली उचलली, बघितली, बायकांना दाखवली. "अशा तीन?"

"तीनला थोडी कमी."

"आन् आता कमर किती?"

"साडेछत्तीस होती. आता सदतीस."

"मंग पुन्हा येते का ते?" दुसरीने विचारलं, आणि तिसरीने तिला कोपर मारून म्हटलं, "तू पह्यले तुह्यं मोज. दोन लिटरात भागते का तुह्यं? ड्रम लागते."

खाटेवरून चिरका आवाज आला. नणंदेचे डोळे मिटलेले होते, पण पोट हलत होतं. "हासवू नका वं, टाके ताणतात," त्या म्हणाल्या, आणि न बघता हात माझ्या बाजूला करून बोटं हलवली. उशाची उशी काढून मी त्यांच्या पोटावर ठेवली. हसणं थांबेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरली.